भुंडीचा एक्स-रे आणि अपघाताची तारीख

‘दुखापतीची तारीख’ भरल्याशिवाय जो फॉर्म पुढेच सरकत नाही, तो तयार करणाऱ्याला काही दिवस आमच्याकडे भुंडी मांजरीच्या चादरी धुवायला ठेवावं, असं मला अजूनही वाटतं.

भुंडी आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जन्मली. आई अर्ध्या शेपटाची. पिल्लांमध्ये एकाला पूर्ण शेपूट, एकाला आखूड आणि हिला काहीच नाही. शेपूट सुरू व्हायला हवं तिथं नुसती खळी. पळायला लागली तेव्हा मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारख्या उड्या मारायची आणि आम्ही सगळे कौतुकानं व्हिडिओ काढायचो. (ते व्हिडिओ पुढे फार कामाला आले. दवाखान्यात मांजर टेबलावर दबून बसते, चालून दाखवत नाही. तुम्हीही काढून ठेवा.) मग जिथं बसेल तिथं ओल दिसायला लागली. उचललं की थेंब गळायचे, शीचे खडे झोपेत पडायचे. सासूबाई म्हणाल्या, “हिला वळणच नाही.”

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी मागच्या बाजूला हलका चिमटा घेऊन पाहिला. शीच्या जागेचा स्नायू आकसायला हवा होता, आकसला नाही. तिथल्या नसा काम करत नाहीत, पाठीचा एक्स-रे काढून आणा, म्हणाले. इथवर सगळं सुरळीत.

एक्स-रे सेंटरच्या काउंटरवर पहिला प्रश्न, “शेपूट कधी तुटलं?”

“तुटलं नाही, नव्हतंच.”

“मग अपघात कधीचा?”

“दादा, अपघात झालाच नाही. जन्मापासून अशी आहे.”

“ताई, तारखेशिवाय सिस्टिम पुढे जात नाही. अंदाजे सांगा. पाडव्याच्या आसपास टाकू?”

मी नाही म्हणत असतानाच त्यांनी काहीतरी टाकलं. शेजारच्या खुर्चीवर लॅब्रॅडॉर घेऊन बसलेल्या काकांनीही निकाल दिला, “दारात सापडलं असणार, आमच्याकडे असंच झालं होतं.” आत टेक्निशियनने कागदावर ‘अपघात, शेपूट’ वाचलं आणि फक्त बुडाचा फोटो काढला. रिपोर्ट आला: शेपटाच्या मुळाशी जुनी दुखापत.

एका शब्दावरून एवढं काय, असं घरी सगळ्यांनी विचारलं. पण तो रिपोर्ट वाचून दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, थांबा, महिनाभरात सुधारेल. त्यांचं चूक नव्हतं. शेपूट ओढलं जाऊन नसा ताणल्या गेल्या असतील तर बऱ्याच मांजरांचा लघवीवरचा ताबा काही आठवड्यांत परत येतो. जन्मतःच मणके आणि मज्जारज्जू नीट घडले नसतील तर वाट पाहून काहीच परत येत नाही. उलट तुंबलेल्या मूत्राशयात जंतुसंसर्ग होतो, आतड्यात शी साठून ते फुगतं. आम्ही वाट पाहत बसलो असतो आणि हिचं पोट फुगत गेलं असतं.

रिपोर्ट बदलून मागायला गेले तर उत्तर मिळालं, “फॉर्मवर अपघात लिहिलंय, आम्ही काय करणार?” रिपोर्ट देणारे डॉक्टर ठरावीक दिवशीच येतात, तेही दुपारनंतर. आज येतील, उद्या नक्की, असं ऐकत प्लास्टिकच्या खुर्चीवर गळती बास्केट मांडीवर घेऊन बसायचं. (बास्केटमध्ये लहान बाळांचं पॅड आणि वर जुना टॉवेल घाला. पंजाबी ड्रेस वाचतो.) शेवटी डॉक्टर भेटले तेव्हा मी बोलले नाही, मोबाइल पुढे केला. डोळेही न उघडलेली पिल्लं आईला लुचताहेत आणि भुंडीचं बिनशेपटाचं बूड स्पष्ट दिसतंय. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, “पूर्ण पाठीचा घ्या, आडवा आणि वरून.”

नव्या एक्स-रेत शेपटाची हाडं नव्हतीच, त्याआधीचं कमरेखालचं हाड (त्रिकास्थी) अर्धवट, आणि एका मणक्याची वरची कमान मिटलेली नव्हती. मोडल्याची खूण कुठेच नाही. रिपोर्टमध्ये ‘जन्मजात’ आलं. दुसऱ्या एक्स-रेचे पैसे मात्र पुन्हा घेतले.

एक्स-रेत फक्त हाडं दिसतात. मज्जारज्जू पाहायला एमआरआय लागतो. उपचार त्यानं बदलणार नव्हते, म्हणून आम्ही केला नाही.

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी मग नीट समजावलं. आइल ऑफ मॅन बेटावरच्या मँक्स मांजरांमध्ये हे फार आधीपासून माहीत आहे. तिथं शेपूट घालवणारं जनुक मणक्यांच्या घडणीतही असतं. आई किंवा बाप, एकाकडूनच त्यात दोष आला की शेपूट आखूड किंवा गायब. आई आणि बाप दोघांकडूनही दोष आला तर पिल्लू पोटातच मरतं. मँक्समधले हे बदल 2013 मध्ये शोधले गेले. जपानी बॉबटेल जातीच्या मांजरांचं आखूड शेपूट वेगळ्या जनुकामुळे असतं आणि त्यात पाठीचे असे हाल होत नाहीत. म्हणजे बिनशेपटाची दिसली की आजारीच, असं नाही. त्रास असेल तर तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांत दिसतो.

आता दिवसातून तीनदा मी तिचं मूत्राशय हातानं दाबून रिकामं करते. हे डॉक्टरांनी आपला हात धरून शिकवल्याशिवाय करू नका, जोर जास्त झाला तर इजा होते. आधी मला घाम फुटायचा, आता चहा उकळेपर्यंत होऊन जातं, याचा मला खरंच अभिमान आहे. ओलं खाणं, भरपूर पाणी, शी घट्ट झाली तर डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध. बूड कोमट पाण्यानं धुऊन कोरडं करायचं. मनानं मलम लावू नका, ती चाटते.

भुंडीच्या आईला सुक्या बोंबलावर पिंजऱ्यात घेतलं आणि तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून टाकलं, पूर्ण शेपटाच्या बोक्याचंही होईल. आखूड शेपटाचा भाऊ इंदिरानगरला नणंदेकडे आहे. त्याची शू अजून तरी जागेवर होते, पण सहा महिने पूर्ण होईपर्यंत रोज बूड तपासायचं, असं मी तिला बजावून ठेवलंय.