धूर, भाग ३: चार नंबरचं नोझल

एअर फिल्टर बदलला, टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे (इंजिनात हवा नेणारे) होज पाहून क्लॅम्प आवळले, तरी या डिझेल इंजिनाचा धूर हटला नव्हता. थंड इंजिन सुरू केलं की पांढरा, रेस केलं की काळा. पांढऱ्यामुळे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) फुटून पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याची धास्ती होती. पण रेडिएटरमधलं पाणी आठ दिवसांत तसूभर उतरलं नाही, आणि धुरात उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. वाफ अशी झोंबत नाही. हे न जळलेलं डिझेल. ऑइल जळल्याची निळी झाक नाही, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुंकर नाममात्र, म्हणून पिस्टनच्या रिंगांवरचा संशयही तूर्त बाजूला ठेवला.

आज सहाही सिलिंडरचं फायरिंग तपासलं. आयडलिंगवर एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपचा नट थोडा सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं; कान द्यायचा, परत आवळायचा. जुना लाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळी लाइन देणारा यांत्रिक पंप) आहे म्हणून हे चालतं. कॉमन रेलवर (सगळ्या नोझलांना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीवर) चुकूनही करू नका, तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो. इतर पाच ठिकाणी इंजिन लगेच लंगडलं. चारला आवाज जवळपास तसाच राहिला आणि धूर मात्र विरळ झाला!

तरी दोष नोझलचा की कॉम्प्रेशनचा, हे ठरायचं होतं. म्हणून दोन आणि चारची नोझलं अदलाबदल केली. चारच्या टोकावर ओलसर काजळी, दोनचं टोक कोरडं. शिवाय चारच्या भोकात जुना तांब्याचा वॉशर तळाला चिकटलेला, त्यावरच कुणीतरी दुसरा बसवलेला. टॉर्चच्या उजेडातही आधी तो वॉशर म्हणजे भोकाच्या तळाची बैठकच वाटली. तारेचा आकडा घालून ओढल्यावर सुटला. दोन्हीकडे नवे वॉशर घालून सुरू केलं, तर बिघाड नोझलबरोबर दोन नंबरला गेला. म्हणजे दोष नोझलचाच, चारचं कॉम्प्रेशन शाबूत!

नोझल टेस्टरवर (हाताने दाब देऊन फवारा तपासायच्या पंपावर) त्या बिघडलेल्या नोझलने फवारा सोडण्याआधीच टोकाला थेंब धरला, मग एका बाजूला धार मारली. चांगलं नोझल करकरत बारीक धुकं सोडतं. फवाऱ्यासमोर हात मात्र कधीच नको, डिझेल कातडीत घुसतं.

नवं नोझल बसवलं. पांढरा धूर आता मिनिटभरात जातो. चढावर लोड आला की थोडा काळा अजून दिसतो. पंपाच्या डिझेल वाढवण्या-कमी करण्याच्या स्क्रूला हात लावलेला नाही. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पंपाचं टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) बघणार.