मोफत साइट व्हिजिट आणि एक सातबारा

ठाण्यातल्या हॉटेलात प्लॉट गुंतवणुकीचा सेमिनार होता. वेळ दहाची, सुरू झाला पावणेअकराला. दारातच नाव, मोबाइल नंबर आणि 'बजेट' लिहून घेतलं. मी नंबर खरा दिला, आता रोज दोन फोन येतात. तुम्ही घरातल्या जुन्या सिमचा नंबर द्या आणि बजेटचा रकाना कोरा सोडा. तुम्हाला कुठल्या सेल्सवाल्याच्या टेबलावर बसवायचं, ते त्या आकड्यावरून ठरतं.

स्टेजवर अटल सेतू, नवी मुंबईचा विमानतळ, तिसरी मुंबई. सेतूपासून पेणच्या साइटपर्यंत नकाशावर सरळ रेघ मारलेली. मध्ये खाडी आहे की डोंगर, रेघेला काय त्याचं! 'फार्म प्लॉट, ५ गुंठ्यांपासून.' मी उठून विचारलं, "आम्ही शेतकरी नाही, आमच्या नावावर होईल का?" उत्तर आलं, "ते आम्ही बघून घेतो, ताई." हा प्रश्न माइकवर, सगळ्यांसमोर विचाराच. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. "एनए (म्हणजे बिगरशेती) होणार आहे" म्हणाले, तर झाल्यावर कळवा म्हणावं. त्यांच्या पत्रकावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, क्यूआर कोडही नव्हता. नोंदणी असलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर तो ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे, आणि एकूण ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या प्लॉटिंगला नोंदणी लागते.

तरीही पुढच्या रविवारी भाऊजींना घेऊन मोफत बसने साइटवर गेले. एसी बस, वडापाव, अंताक्षरी. श्रावणातला पाऊस होता, ते बरंच झालं. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत दिसणारी जमीन तेव्हा घोटाभर पाण्यात होती. शक्य असेल तर पावसाळ्यातच जा. एका जोडप्यानं तिथेच सगळ्यांसमोर चेक फाडला, टाळ्या वाजल्या. परतीच्या बसमध्ये ते जोडपं दिसलं नाही.

खरी माहिती मिळाली फाट्यावरच्या टपरीवर. "रस्ता? तो आमच्या चुलत्याच्या खाचरातून जातो ताई. मधे मधे अडवतात ते." चहा दहा रुपयांचा. सेल्सवाले घाई करतील, पण ही पंधरा मिनिटं काढाच. आणि निघण्याआधी जमिनीचा गट नंबर (सरकारी नोंदीतला क्रमांक) लिहून घ्या. देताना टाळाटाळ झाली, तर बसमध्ये झोप काढायला हरकत नाही.

डोंबिवलीत महिन्यातून एकदा आम्ही चौदा-पंधरा जण अशाच गुंतवणुकीच्या गोष्टी बोलायला सोसायटीच्या ऑफिसात जमतो. तिथे स्टेज नाही, बॅनर नाही, चहाही आळीपाळीनं आणायचा. पण एक निवृत्त तलाठी काका येतात. महाभूलेख या सरकारी वेबसाइटवरून काढलेला त्या गटाचा सातबारा मी त्यांच्यापुढे ठेवला. मी मालकाचं नाव वाचत होते, त्यांनी आधी बोट ठेवलं 'इतर हक्क'वर. तिथे कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं नाव. मग वर भोगवटादार वर्ग २. म्हणजे परवानगीशिवाय विकताच येत नाही. "आणि हे अकरा सहहिस्सेदार," काका म्हणाले. "सह्या कोणाकोणाच्या आणणार आहेत, विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. पुढच्या बैठकीला मी त्या गटाचे जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढून नेतेय. भाऊजींनी टोकन म्हणून दिलेल्या ११,००० रुपयांची पावतीही सोबत असेल.