तुम्ही विचारलंत म्हणून: तंबोऱ्याशेजारचा फोटो

घरी येणारा प्रत्येक जण तंबोऱ्याशेजारचा तो फोटो पाहतो. काळा झगा, टोकदार दाढी. "हे कोण?" मी सांगते, कोमितास, आर्मेनियन संगीतकार. पाहुणा मोबाइलवर शोधतो आणि दोन मिनिटांत मान वर करतो, "अहो, यांना तर वेड लागलं होतं! यांचा फोटो का लावलात?"

लागलं होतं. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजच्या इस्तंबूलमध्ये) तुर्की ऑटोमन सरकारने आर्मेनियन लेखक, पुढारी, डॉक्टर उचलले; आर्मेनियन वंशसंहाराची ती सुरुवात. त्यांत कोमितासही होते. आतल्या मुलखात, चांकिरी गावी धाडलेले कितीतरी जण मारले गेले. हे सुटून आले, पण मन पुन्हा थाऱ्यावर आलं नाही. पुढच्या वर्षी इस्पितळ, १९१९ मध्ये पॅरिस, १९३५ मध्ये तिथल्याच मनोरुग्णालयात मृत्यू.

पण फोटो त्यांच्या कानासाठी आहे.

१८६९ मध्ये तुर्कस्तानातल्या क्युताह्यात जोडे शिवणाऱ्याच्या घरी जन्मलेलं हे पोरकं पोर १८८१ मध्ये एच्मियादझिनच्या मठात, म्हणजे आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठात आलं, तेव्हा त्याला आर्मेनियन बोलता येत नव्हतं. घरची भाषा तुर्की. धर्मगुरूंपुढे त्याने स्तोत्र गायलं आणि प्रवेश मिळवला. पुढे बर्लिनला तीन वर्षं शिकले, कॉन्स्टँटिनोपलमध्ये तीनशे गळ्यांचा गायकवृंद उभा केला. देवळातली गाणी थिएटरात गायली म्हणून चर्चवाले चिडले ते वेगळंच. (असे चिडणारे सगळीकडे भेटतात.)

मला मात्र ते गावागावांत वही घेऊन हिंडणारे कोमितास आवडतात. हजारो गाणी त्यांनी टिपली; त्यांतली जेमतेम बाराशे आज हाती आहेत, बाकीचे कागद १९१५ नंतरच्या पांगापांगीत गेले. शेतकऱ्याच्या लेखी गाणं कामापासून वेगळं नसतं, हे त्यांनी ओळखलं: नांगराचं गाणं नांगरावर, मळणीचं खळ्यावर. जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शिकलेल्या संगीतकारांना मात्र लागतं. आर्मेनियाच्या लोरी भागातल्या वार्दाब्लुर गावच्या नांगरगीतावर त्यांनी अख्खा निबंध लिहिला, आणि त्यात नांगऱ्याने बैलांना घातलेल्या हाकासुद्धा सुरांइतक्याच काळजीने उतरवल्या.