मरीन ड्राइव्ह दुपारी चालू नका आणि बाणगंगा शेवटी ठेवू नका

दक्षिण मुंबई एका दिवसात पायी होते. आम्ही दोघांनी मागच्या ऑक्टोबरात एका रविवारी केली, मोबाईलवर १४ किलोमीटर दिसले. पण आम्ही ज्या क्रमाने केली त्या क्रमाने अजिबात करू नका, हे सांगायलाच लिहितोय.

आदल्या रात्री ठाण्याला मावसभावाकडे मुक्काम. रविवारी मेगाब्लॉक असतो म्हणून सकाळी लवकरची लोकल पकडली आणि सातला सीएसएमटीला उतरलो. तिथून हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, काळा घोडा, गेटवे. हा भाग सोपा आहे, सपाट आहे, सावली आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. राजाबाई टॉवर मात्र ओव्हल मैदानाच्या बाजूने नीट थांबून बघा, २८० फूट उंच आहे, १८७८ ला पूर्ण झाला, पैसे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि आईचं नाव दिलं. मैदानाच्या एका बाजूला हे गॉथिक दगडी काम आणि समोरच्या बाजूला आर्ट डेको बिल्डिंगी, दोन्ही मिळून २०१८ पासून जागतिक वारसा. रविवारी या फोर्ट भागात गर्दी नसते हे खरं, पण टपऱ्याही बऱ्याचशा बंद असतात, पाणी स्टेशनवरच भरून घ्या. गेटवेवर फोटोवाल्याशी किती प्रिंट आणि एकूण किती पैसे हे आधीच ठरवा, आम्ही एक म्हणालो आणि हातात सहा आल्या.

आता मुख्य मुद्दा, बाणगंगा, म्हणजे मलबार हिलवरचं गोड्या पाण्याचं जुनं कुंड. मावसभाऊ म्हणाला होता, "नरीमन पॉइंटला गेलास की समोर मलबार हिल दिसतेच, तिथेच बाणगंगा, चालत जा मस्त." दिसते, खरंच दिसते, अगदी हात लांबवला तर लागेल अशी. पण मधे खाडीसारखा आत शिरलेला समुद्र आहे आणि रस्ता त्याच्या कडेने गोल फिरून जातो. नुसता मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरच्या वर आहे, त्यापुढे गिरगाव चौपाटी ते बाणगंगा आणखी अडीच. आम्ही दीड वाजता निघालो.

ऑक्टोबर हीट, डाव्या गालावर ऊन, डोक्यावर ऊन, समुद्रावरून चमकून डोळ्यात ऊन. ताडासारखी झाडं आहेत पण त्यांची सावली एका माणसाला पुरत नाही. बसावं म्हटलं तर कट्टा तापलेला. चर्चगेटच्या पुढे गेलात की पलीकडच्या बाजूला ओळीने जिमखाने आणि त्यांच्या मागे रेल्वेचे रूळ, म्हणजे रस्ता ओलांडून एखाद्या गल्लीत शिरू, दुकानातून काहीतरी थंड घेऊ असं करताच येत नाही, आणि ओलांडायलाही सहा पदरी रस्ता. आमचं पाणी मरीन लाइन्सच्या आसपास संपलं. चर्नी रोडच्या पुलापर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. आम्ही राजगड-तोरणा एका दमात केलेले लोक आहोत, पण मातीवर चालणं वेगळं आणि काँक्रीटवर वेगळं, टाचा भरून आल्या होत्या.

चौपाटीवर लोकमान्यांच्या पुतळ्याजवळ अर्धा तास बसलो. १९२० साली त्यांच्यावर इथेच अंत्यसंस्कार झाले, तिथे बसून बरं वाटलं. मग वाळकेश्वर रोडचा चढ. एरवी काहीच नाही असा चढ आहे, पण बाराव्या किलोमीटरला नको वाटतो, गाड्या वळणावरून जोरात येतात. तीन बत्ती नाक्याच्या पुढे गल्लीतून पायऱ्या उतरलात की बाणगंगा.

बाणगंगा चुकवू नका, एवढं होऊनही हेच म्हणतो. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि कुंडातलं पाणी गोडं. शिलाहारांच्या काळात, ११२७ मध्ये हे कुंड बांधलं असं सांगतात, आणि रामाने बाण मारून पाणी काढलं ही कथा तर सगळ्यांनाच माहीत. दीपमाळा, बदकं, घाटावरची घरं. मुंबईत आहोत हे विसरायला झालं. खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या आहेत, जपून.

परतताना टॅक्सीवाल्याने चर्नी रोडचे २५० सांगितले. मीटर पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे, म्हणजे साठ-सत्तरच्या वर व्हायला नको. पायात त्राण नव्हतं म्हणून २०० ला तयार झालो आणि ते अजून खुपतंय. तीन बत्तीपर्यंत परत चढून आलात तर बेस्टची बस मिळते, हे नंतर कळलं. मीटर टाकत नसेल तर बसू नका.

म्हणून सगळं उलटं करा. सकाळी साडेसहाला टॅक्सीने, मीटरवर, थेट बाणगंगेला जा. तिथून तीन बत्तीपर्यंत चढून पुढे उताराने चौपाटी, आणि मरीन ड्राइव्ह नऊच्या आत संपवा. चर्चगेट स्टेशनात स्वच्छतागृह आणि पाणी दोन्ही उरकून घ्या. भर दुपार फोर्टात घालवा, दादाभाई नौरोजी रोडला बिल्डिंगींच्या खालून कमानींचा पॅसेज आहे, सीएसएमटीच्या दिशेने बराच वेळ सावलीतूनच चालता येतं. संध्याकाळी स्टेशनच्या समोर पोचाल तेव्हा दिवे लागलेले असतील, बघा आणि तिथूनच लोकल पकडा.