तीन शिलिंगांचा उजेड

परवा फुलवाती तुपात भिजवताना बोटांना लागलेलं तूप मी सवयीनं निरांजनाच्या काठावर निपटलं आणि एकदम इंग्लंडातल्या हॅम्पशर परगण्यातल्या बायका आठवल्या. ओळखदेख काही नाही, त्या अडीचशे वर्षांपूर्वीच्या. तिथल्या सेलबोर्न गावात राहणाऱ्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्यानं १७७५ साली त्यांची दिवाबत्ती अशी बारकाईनं लिहून ठेवली आहे, की वाचताना हाताला चरबीचा वास येतो.

उन्हाळ्यात पाणथळ जागेतलं लव्हाळं कापायचं, भिजवायचं, सोलायचं. सालीची एक बारीक पट्टी तेवढी ठेवायची, नाहीतर आतला मऊ गर तग धरत नाही. मग गवतावर पसरून दवात-उन्हात वाळवायचं आणि चरबीत बुडवायचं. ही चरबी विकतची नाही. बेकन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, शिजताना भांड्यावर तरंगते ती, निगुतीनं जमवलेली. काडी लोखंडी चिमट्यात तिरकी धरून पेटवायची. झाला दिवा! मेणबत्तीवर सरकारनं १७०९ पासून कर बसवला होता, घरगुती लव्हाळ्याला तो माफ.

व्हाइटनं घड्याळ लावून पाहिलं: सव्वादोन फुटांहून जराशी लांब काडी सत्तावन्न मिनिटं जळली. पौंडभर सुक्या काड्या एक शिलिंगला (म्हणजे बारा पेनींना), मोजल्या तर सोळाशेच्या वर. त्यांना लागणारी सहा पौंड चरबी विकत घेतली तरी दोन शिलिंग. काडी अर्धाच तास जळेल असं धरलं, तरी तीन शिलिंगांत आठशे तास उजेड. आणि अगदी गरीब माणसं मात्र रोज संध्याकाळी अर्ध्या पेनीची मेणबत्ती आणतात, ती त्यांच्या वारा खेळणाऱ्या घरात जेमतेम दोन तास टिकते! गरिबांना काटकसर कळत नाही, असा त्याचा सूर.

इथे पाद्रीबुवांशी माझं बिनसतं. मी हिशेब केला: मेणबत्त्यांवर तेच तीन शिलिंग घातले तर एकशे चव्वेचाळीस तास. तोटा उघड आहे, त्या माणसांनाही दिसत असेल. पण तीन शिलिंग एकरकमी आणायचे कुठून? आणि ज्या घरात बेकनच शिजत नाही, तिथे चरबी कशावर तरंगणार?

लहानपणी आमच्या शेजारच्या काकू वाण्याकडून रोज सुटं तेल आणायच्या, एवढ्याशा बाटलीत. डबा घेतला तर स्वस्त पडतो, हे त्यांना सगळे सांगायचे. त्या हो म्हणायच्या आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत बाटली कढईवर उलटी धरून उभ्या राहायच्या.