एवढ्याशा तुकड्याला एवढे पैसे?

गेल्या महिन्यात चिलर बंद पडला म्हणून मेकॅनिकला बोलावलं. चिलर म्हणजे माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा फ्रिज; पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर धरून ठेवतो. दादांनी मागचं झाकण काढलं, गेज लावलं आणि काटा स्थिर होईपर्यंत वेळ होता म्हणून टाकीत डोकावले. “ताई, ही फुलं खरी का?” खरी आहेत, पण फुलं नव्हेत, प्रवाळ आहेत, म्हणजे प्राणी, असं सांगितल्यावर पुढचा प्रश्न ठरलेलाच. “केवढ्याला?” मी कोपऱ्यातली पहिल्या तुकड्याची मूळ चकती दाखवली. “हा अठराशेला घेतला होता.” त्यांनी काचेवर अंगठ्याचं नख टेकवून माप घेतलं. “एवढ्याशा तुकड्याला?”

हेच नणंद विचारते, ऑफिसमधले विचारतात, खालच्यांकडे गळती होतेय का बघायला आलेले सोसायटीचे सेक्रेटरीही जाता जाता विचारून गेले. दर वेळी मी “हौस हो” म्हणून सुटते. आता तुम्हीही तेच विचाराल, म्हणून नीट सांगते.

आधी तो तुकडा बघा. मी घेतला तेव्हा कसा होता ते सांगते. चिनीमातीची एक छोटी चकती, तिला खाली दांडी, आणि वर चिकटलेले चार पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे एकेक सुटे जीव. अशा तुकड्याला आमच्यात फ्रॅग म्हणतात. प्रत्येक पॉलिप शर्टाच्या बटणाएवढा: मधे हिरवी थाळी, थाळीत चिरेसारखं तोंड, कडेने केशरी झालर. दिवे लागले की हळूहळू उघडतात आणि जवळून मासा गेला तरी अंग चोरतात. हे झोआंथस, घरगुती नाव झोआ. यांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, ते उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. म्हणजे खोली भाड्याने देऊन भाड्याऐवजी दोन वेळचं जेवण घेणारा प्राणी. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या मावशीच्या बोटात पोवळं आहे. मंगळासाठी घातलेलं, रत्तीवर मोजून घेतलेलं, आणि त्याच्या भावाबद्दल घरात कुणी कधी ब्र काढलेला नाही. तेही प्रवाळच. भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाचा सांगाडा, घासून गुळगुळीत केलेला. त्याची जाडी वर्षाला एक मिलिमीटरनेही वाढत नाही, तेव्हा ते महाग का, हे निदान समजतं. मी एकदा मावशीला म्हटलं, “तू मेलेल्याला हजारो मोजलेस, मी जिवंताला अठराशे दिले तर सगळे मलाच का बोलता?” मावशी म्हणाली, “माझं पोवळं लाइटबिल खात नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तर भाव. जगभरच्या टाक्यांत जाणारी प्रवाळं मुख्यतः इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियातून निघतात. वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव अर्धा लिटर पाण्याच्या पिशवीत, पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, खोकी विमानात. भाडं पडतं ते बहुतेक पाण्याचंच. वाटेत खोकं तासभर उन्हात राहिलं तर आत शिजतं, थंडीत राहिलं तर गारठतं, कागदांसाठी अडकलं तर पिशवीत अमोनिया साठतो. उतरल्यावर पुन्हा नवं पाणी, नवा उजेड, आणि काही जण तिथे मान टाकतात. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी पिशव्या उघडून मेलेले बाजूला काढत असतो, आणि त्यांचे पैसे जगलेल्यांवर चढवत असतो. वाशीला हापूसची पेटी फोडली की चार डागी निघणारच, व्यापारी ते धरूनच भाव लावतो, तसंच. समजा दहा आले आणि सहा जगले, तर त्या सहांनी दहांचं भाडं भरायचं. ग्राहकाला मेलेले दिसत नाहीत. त्याला दिसतो फक्त निळ्या दिव्याखाली चमकणारा अठराशेचा तुकडा.

मीही त्या चमकण्यालाच भुलले, म्हणून एवढं ठामपणे सांगते. खाऱ्या पाण्याची टाकी लोणच्यासारखी मुरावी लागते. दगडांवर आणि वाळूत जिवाणू बसायचे, त्यांनी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करायचं, यातच महिना-दीड महिना जातो, आणि खरा ठहराव यायला त्याहून कितीतरी जास्त. मला हे वाचून माहीत होतं. तरी तिसऱ्या आठवड्यात रविवारी दुकानात गेले आणि सहा तुकडे घेऊन आले. नऊ हजार आठशे रुपये. नवऱ्याला चार हजार सांगितले. (तो हे वाचेल. असो.)

प्रवाळ माशासारखं तरंगून मरत नाही, त्यामुळे आपण बरेच दिवस स्वतःला फसवू शकतो. आधी झालर आखडते. “आज मूड नाही वाटतं.” मग रंग उडतो. “नव्या दिव्याची सवय व्हायचीय.” मग एका सकाळी चकतीवर तपकिरी, शेंबडासारखा थर दिसतो, आणि झाकण उचललं की ओहोटीच्या खाडीचा वास येतो. दोन महिन्यांत पाच गेले. उरला तो झोआ. तेव्हा दादांना मी जो अठराशेचा आकडा सांगितला तो खरं तर दुकानाच्या पावतीवरचा. मला तो नऊ हजार आठशेला पडला.

दुकानात मी मेंदूसारखं दिसणारं किंवा हरणाच्या शिंगासारखं फांद्यांचं प्रवाळ का घेतलं नाही, हेही लोक विचारतात. रीफ, म्हणजे समुद्रातले प्रवाळांचे खडक, बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. वास्तुदोषासाठी फ्रेम करून दारावर टांगायला ‘इंद्रजाल’ म्हणून जे काळं जाळं विकतात ना, तेही समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळच असतं. आमच्याच मजल्यावर एकांकडे आहे आणि त्यांना कसं सांगावं हे मला अजून सुचलेलं नाही. जे उघड विकता येत नाही त्याच्या भावात पकडले जाण्याची भीतीही मोजलेली असते, आणि असलं काही मला फुकट दिलं तरी नको. माझ्याकडे मऊ मंडळीच आहेत: झोआ, मशरूम नावाचं छत्रीसारखं प्रवाळ, आणि चामड्यासारखं दिसणारं एक लेदर. पहिल्या सहानंतरची सगळी मुंबई-पुण्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या टाकीत वाढलेली.

खुद्द मुंबईच्या किनाऱ्यालाही प्रवाळ आहे हे कळल्यावर मला कोण आनंद झाला होता. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या अठरा वसाहती वन विभागाची परवानगी काढून हलवाव्या लागल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या कुलाब्याला नेव्ही नगरच्या किनाऱ्यावर नेऊन बसवल्या. अख्खा रस्ता एकीकडे आणि मूठभर पॉलिप एकीकडे. हे ऐकून माझे दीर म्हणाले, “मग समुद्र आहेच की, दर आठवड्याला मीठ कशाला विकत आणतेस? जुहूहून चार कॅन भरून आण.” त्यांना म्हटलं, तुम्ही त्या पाण्याने चूळ भरून दाखवा, मग आणते. सांडपाणी आहे, गाळ आहे, आणि पावसाळ्यात किनाऱ्याच्या पाण्याचा खारटपणा पार उतरतो. माझ्या टाकीला लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ लागतं. दोनशे लिटरला सात किलो झालं, शिवाय आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायचं, तेही आरओमधून काढलेलं.

परदेशात या छंदात नावांचा बाजार आहे. ‘होमरेकर’, ‘वॉल्ट डिस्ने’, ‘जॉब्रेकर’ अशी नावं देऊन नखाएवढे तुकडे शेकडो डॉलरला विकतात. नावाला पैसे मोजणं मला शुद्ध वेडेपणा वाटतो, कारण हे जीव वाढतात. मशरूम दुभंगून एकाचे दोन होतं, लोक कापून वाटतात, आणि काल दुर्मीळ म्हणून घेतलेलं उद्या सगळ्यांकडे असतं. पुरवठाच आटला तर गोष्ट वेगळी. इंडोनेशियाने २०१८ मध्ये प्रवाळांची निर्यात थांबवली आणि २०२० च्या सुरुवातीला पुन्हा उघडली. मधल्या काळात तिथल्या सोनेरी टॉर्च नावाच्या प्रवाळाचे भाव चांगलेच चढले होते.

आता मावशीचा मुद्दा, लाइटबिल. दिवे, पंप, पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर आणि चिलर मिळून माझी टाकी दिवसाला चारेक युनिट खाते. महिन्याला एकशे वीस, तेही वरच्या स्लॅबमध्ये. मे आणि ऑक्टोबरमध्ये जास्त. अठराशेचा तुकडा एकदाच घेतला, पण त्याच्या डोक्यावरचा पंखा आयुष्यभर चालू ठेवायचा.

आणि तो बंद पडला तर काय होतं, तेही पाहिलंय. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची वीज गेली. आम्ही सगळे घरून काम करत होतो. बाकीच्यांना वायफायची काळजी, मला पंपाची. पाणी हललं नाही की त्यातला प्राणवायू संपतो, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तर लवकरच. बॅटरीचा पंप तेव्हा नव्हता. मी स्टुलावर उभी राहून स्टीलच्या तांब्याने पाणी काढायची आणि हातभर उंचीवरून परत ओतायची, म्हणजे बुडबुडे आत जातात. अर्ध्या तासाने सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “अगं, अभिषेक चाललाय का?” मग त्यांनीच दुसरा तांब्या घेतला. आमच्याकडे वीज यायला दुपार उलटली. थर्मामीटर तोवर तिशीपार गेला होता. झोआ वाचले. दोन मशरूम गेली. त्यांचे पैसे कुणावर चढवायचे? माझ्यावरच.

त्या चार पॉलिपचे आज दीडशेच्या आसपास झालेत. मागचा दगड भरला, आता काचेवर चढतायत. वर्षातून दोनदा मी कापायला बसते: हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, नवं पातं, आणि चकतीवर चिकटवायला जेलसारखा सुपरग्लू. चष्मा घालते तो अतिशहाणपणा म्हणून नव्हे. झोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. कापताना डोळ्यात चिळकांडी उडता कामा नये, बोटाला जखम असता कामा नये, आणि झोआ असलेला दगड स्वच्छ करायला म्हणून कधीही उकळू नये. वाफेतूनसुद्धा बाधतं. विकणारे हे सांगायला बऱ्याचदा विसरतात, म्हणून मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

हे तुकडे मी दोनशेला देते, नवख्याला तसेच देते. अट एकच, टाकी किमान तीन महिने मुरलेली हवी आणि चाचणीचे आकडे मला दाखवायचे. मागच्या दिवाळीत डोंबिवलीचा नववीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला. आकडे वहीत लिहून आणले होते: खारटपणा, केएच (म्हणजे पाण्याची अल्कता), कॅल्शियम, नायट्रेट, तारखेसकट. मला स्वतःची लाज वाटली. पिशवी द्यायला लागले तर त्याने पाठीवरची बॅग उघडून चहाचा थर्मास काढला, लोकलमध्ये पाणी तापू नये म्हणून. आठ पॉलिपची चकती त्या थर्मासमधून मुलुंडहून डोंबिवलीला गेली. वाटेत कुणी मेलं नाही, त्यामुळे कुणावर काही चढलं नाही. वडिलांनी खिशात हात घातला, मी नको म्हटलं, तर दुसऱ्या आठवड्यात चकल्यांचा डबा आला.

हे सगळं मी दादांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मधूनच गेज बघत होते. मग त्यांनी झाकण बसवलं, चिलर सुरू केला, पाइपला हात लावून बघितला आणि पॅडवर बिल लिहून माझ्या हातात दिलं. गॅस भरल्याचे दोन हजार सहाशे.

“एवढ्याशा गॅसला?” मी म्हटलं.

“ताई,” दादा पक्कड बॅगेत टाकत म्हणाले, “यायचं-जायचं धरलंय त्यात.”