आमची वाटचाल : फुटका पाइप आणि बुडालेलं बिल

सांगलीत इलेक्ट्रिकची कामं करणारे पुष्कळ आहेत. जमिनीतला वायरींचा पाइप नेमका कुठे चिरलाय, हे अख्खं अंगण न उकरता सांगणारे किती, ते ज्याचं त्यानं मोजावं. आयटीआयचा वायरमन कोर्स केलेल्या आम्ही दोघा मित्रांनी १९९७ मध्ये वखारभागात दुकान टाकलं. बाकीचे सीलिंगचे पंखे आणि लग्नाचं लायटिंग धरून बसले. आम्हाला मात्र कृष्णाकाठच्या काळ्या मातीनं काम दिलं.

ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. मीटरपासून बोअरच्या पंपापर्यंत नेलेला पंचवीस एमएमचा पाइप तिच्याबरोबर ओढला जातो आणि बहुतेक वेळा कॉलरच्या, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या तुकड्याच्या, शेजारी चिरतो. मग पहिल्या वळवाला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) खाली. मालक आरसीसीबी बदलतो, तरी पडते ती पडतेच. त्यानंतर आमची आठवण होते.

आमच्याकडचं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे माझ्या भागीदारानं जुन्या बाजारातून आणलेला हँडल फिरवायचा मेगर, ५०० व्होल्टचा. वायरचं इन्सुलेशन किती शाबूत आहे ते तो मेगओहममध्ये दाखवतो. आता बॅटरीवरचे आलेत, आमच्याकडेही आहे. पण हँडल एका लयीत फिरवताना काटा शून्याकडे कलतो, तो बघितल्याशिवाय माझी खात्री पटत नाही. मेन बंद करायचा, डीबीकडचं (घरातल्या ब्रेकरच्या पेटीकडचं) आणि पंपाच्या स्टार्टरकडचं दोन्ही टोकांचं कनेक्शन सोडायचं, मग एकेक वायर अर्थशी तपासायची. एक मेगओहमच्या खाली गेली की ती वायर संपली, कितीही नवी दिसो. मग मागे दोरी बांधून वायर सावकाश ओढून काढायची. चिखल कुठे लागलाय तिथे खूण करायची, टोकापासूनचं अंतर टेपनं मोजायचं आणि तेवढंच अंतर जमिनीवर धरायचं. बेंडचा हिशोब सोडू नये. खणायला खुरपं आणि छोटी कुदळ पुरते. काँक्रीट फोडायचं ब्रेकर मशीन आणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो.

भागीदार २०११ पर्यंत होता. त्याआधीची वर्षं सुरळीत गेली, कामं झाली, पैसे आले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०११ ला मिरज रस्त्याच्या बाजूला एका बिल्डरची बंगल्यांची वसाहत घेतली. आम्ही मीडियम पाइप टाकला, खाली-वर वाळू दिली. आमची माणसं उठल्यावर बिल्डरनं चरात भरला राडारोडा, फुटक्या काँक्रीटचे तुकडे, आणि वरून टिपर नेले. पावसाळ्यात घराघरांत ट्रिपिंग सुरू. बिल्डर म्हणाला, पाइप हलका वापरलात. तेवढ्यात एक दुसरा ठेकेदार तिथे उगवला. नाव घेत नाही, शहाण्यांना कळेल. सगळी लाइन बदलावी लागेल असं त्यानं सांगितलं आणि कामही घेतलं. मी म्हटलं, सगळ्यांसमोर एक खड्डा काढा. काढला. पाइपवर एमएमएस हा मीडियमचा छाप स्वच्छ होता आणि चिरेवर काँक्रीटचा ढेकूळ बसलेला होता. सगळ्यांनी बघितलं, कोणी बोललं नाही. बिल मात्र अडकलं ते अडकलंच. होलसेलवाल्यानं उधारी तोडली. भागीदार नोकरीला पुण्याला गेला, मेगर मागे ठेवून. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या घरात दोन लहान मुलं होती.

त्या पावसाळ्यात दुकान बंद झालं नाही ते विश्रामबागेतल्या एका निवृत्त शिक्षिकेमुळे, आमच्या बाईंमुळे. त्यांच्या चिकूच्या मुळांनी पंपाचा पाइप चेपला होता. त्यांनी पूर्ण रक्कम आगाऊ हातात ठेवली आणि म्हणाल्या, "बाळ, आधी सामान आण, हिशेब नंतर." काम झाल्यावर चर बुजवण्याआधी त्यांनी वहीत नकाशा काढला: भिंतीच्या कोपऱ्यापासून पाइप किती फूट, कुठे वळला, किती खोल. अशी वही प्रत्येक बंगल्यात हवी. निदान चर उघडा असताना टेप आडवा टाकून फोटो तरी काढा.

आणि सांध्याचं सांगतो, कारण मी उकरलेल्या निम्म्या पाइपांवर चिकटपट्टी आणि दुधाची पिशवी निघते. (त्या दुसऱ्या ठेकेदाराची पद्धत.) चिरलेला भाग हॅक्सॉनं दोन्हीकडे वीतभर चांगला पाइप धरून कापायचा. दोन कॉलर घ्यायच्या, आतली मधली कडी गोल कानशीनं घासून काढायची आणि दोन्ही नव्या तुकड्यावर पूर्ण सरकवून ठेवायच्या. तुकडा फटीत बसवायचा, सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) लावायचं आणि कॉलर अर्ध्या बाहेर ओढायच्या. हात लवकर चालवा, सोल्युशन थांबत नाही. ब्लो लॅम्पवर पाइप गरम करून त्याचं तोंड रुंद करणारे, म्हणजे सॉकेट काढणारे आहेत, पण तिथली भिंत पातळ होते. वायरला जोड पाइपच्या आत कधीच नाही, जंक्शन बॉक्समध्येच. खाली-वर वाळू, त्यावर विटा. खोली पाऊण मीटर मिळाली तर उत्तम.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोका पातळी ४५ ची. आमचं दुकान बुडालं. मेगर मात्र आदल्या रात्री मी घरी नेला होता. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या पाइपांतून नुसता गाळ निघत होता. तेव्हा लोकांना आम्ही आठवलो. त्या वसाहतीतलेही दोघे-तिघे आले. त्यांचं काम केलं, रोखीनं.

माझ्या मते पंपासाठी आता पाइपात साधी वायर घालूच नये, आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली केबल घ्या. महाग पडते. तरीही पाइपच टाकायचा असेल तर बत्तीसचा टाका, पंचवीसमध्ये पुढच्या वेळी वायर ओढताना माणूस रडतो. बिल्डरचं ते बिल अजून फाइलमध्ये आहे, ज्याला बघायचं असेल त्यानं दुकानात येऊन बघावं.